गोठ्यातली शिदोरी

२०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात लम्पी चर्मरोग पसरला. गाईबैलांच्या अंगावर गाठी उठू लागल्या, पाय सुजले, ताप भरला. ज्यांच्या घरी जनावर नव्हतं अशा लोकांना मात्र एका वेगळ्याच प्रश्नानं घेरलं: अशा गाईचं दूध प्यायचं की नाही? आजही गोठ्यात कोणतीही साथ आली की हा प्रश्न सर्वांत आधी येतो. त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं. पण त्या उत्तरामागची कारणं समजली, तर जनावराची प्रतिकारशक्ती कशी तयार होते आणि तिचा आपल्या घराशी काय संबंध आहे, हेही समजतं. म्हणून थोडं सावकाश जाऊ.

१. कोणता आजार आपल्याकडे येतो?

लम्पीचा विषाणू देवीच्या विषाणूंच्या मोठ्या कुळातला आहे. शेळ्या-मेंढ्यांना होणाऱ्या देवीशी त्याचं जवळचं नातं आहे. त्यामुळेच साथीत शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली आणि ती उपयोगीही पडली. डास, चावऱ्या माश्या आणि गोचिडांमार्फत हा आजार एका जनावरातून दुसऱ्यात जातो. माणसाला तो होत नाही. तेव्हा दूध उकळून प्यायला हरकत नाही. यात एक अट आहे आणि ती अट विषाणूची नाही, औषधाची आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

लाळ्या-खुरकुताचंही असंच. तोंडातून लाळ गळते, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, दूध एकदम उतरतं. शेतकऱ्याचं फार मोठं नुकसान होतं. माणसाला मात्र या रोगापासून व्यवहारात धोका नाही. लहान मुलांना शाळेतून होणारा ‘हँड, फूट अँड माउथ’ नावाचा आजार वेगळ्या विषाणूचा आहे. नावं सारखी असल्यामुळे काही पालक गोठ्याला दोष देतात, तो चुकीचा आहे.

आता दुसरी बाजू. ब्रुसेलोसिस, गाईंचा क्षय, रेबीज आणि काळपुळी हे आजार जनावरातून माणसात येतात. काळपुळीबद्दल एवढं तरी प्रत्येकानं लक्षात ठेवावं, की जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून न गोठणारं, काळपट रक्त येत असेल, तर ते फाडू नये, सोलू नये, ओढत नेऊ नये. मेलेलं जनावर उघडलं की हवा लागून त्या जिवाणूंची बीजं तयार होतात आणि ती मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. डॉक्टरांना बोलवावं आणि ते सांगतील तसं जनावर चुन्यासह खोल पुरावं.

म्हणजे ‘जनावर आजारी आहे’ एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही, आणि ‘जनावर धडधाकट दिसतं आहे’ एवढ्यावरून निर्धास्तही राहता येत नाही. हे दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे. त्याची हकीकत पाचव्या भागात येईल.

२. वासरू रिकाम्या हातानं येतं

रोगजंतू शरीरात शिरला की शरीर त्याला ओळखून बांधून टाकणारी प्रथिनं तयार करतं. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. प्रत्येक रोगासाठी वेगळी प्रतिपिंडं लागतात. ती बनवायला शरीराला आधी त्या रोगजंतूची ओळख व्हावी लागते, आणि त्यात दिवस जातात.

माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातली प्रतिपिंडं जन्माआधीच वारेतून मिळतात. गाई-म्हशींच्या वारेची रचना वेगळी आहे. तिच्यातून ही मोठी प्रथिनं पलीकडे जाऊ शकत नाहीत. त्यामुळे वासरू किंवा रेडकू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच. आणि ते जन्मतं कुठे? शेणमुतानं भरलेल्या, शेकडो प्रकारचे जंतू असलेल्या गोठ्यात.

निसर्गानं याची सोय केली आहे ती चिकात, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधात. प्रवासाला निघणाऱ्याला आई शिदोरी बांधून देते, तसा हा चीक. त्यात आईनं आयुष्यभरात ज्या ज्या आजारांना तोंड दिलं, ज्या ज्या लशी घेतल्या, त्या सगळ्यांची प्रतिपिंडं असतात. वासराच्या आतड्याला सुरुवातीचे काही तास ती जशीच्या तशी रक्तात घेता येतात. मग ही क्षमता ओसरत जाते. पहिल्या सहा तासांत ती बरीच घटते आणि चोवीस तासांनंतर जवळपास संपते. दुसऱ्या दिवशी कितीही चीक पाजला, तरी पोट भरेल, आतड्यात थोडा फायदाही होईल, पण रक्तात प्रतिपिंडं चढणार नाहीत.

किती पाजायचा? साधा हिशेब असा: वासराच्या वजनाच्या एक दशांश. संकरित गाईचं वासरू ३० किलोचं असेल तर तीन लिटर. त्यातला निम्मा जन्मानंतर तासा-दोन तासांत आणि उरलेला पुढच्या आठ-दहा तासांत. देशी गाईचं वासरू २० किलोचं असेल तर दोन लिटर. वासरू अशक्त असेल, उभं राहत नसेल, तर चीक काढून बाटलीनं पाजावा.

इथे आपल्याकडची एक जुनी समजूत आडवी येते. वार पडेपर्यंत वासराला कासेला लावायचं नाही, असं अनेक गोठ्यांत आजही मानतात. वार पडायला सहा-आठ तास लागू शकतात, कधी ती अडकते आणि दिवस जातो. तेवढ्यात शिदोरी घ्यायची वेळ निघून जाते. उलट वासरू कासेला ढुसण्या देतं तेव्हा गाईच्या शरीरात जे संप्रेरक सुटतं, त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदतच होते. या एका समजुतीमुळे किती वासरं हगवणीनं आणि न्यूमोनियानं गेली असतील याचा विचार केला की वाईट वाटतं, कारण ती वाचवायला एक रुपयाही लागत नव्हता.

मग खरवस खायचा की नाही? जरूर खावा. संकरित गाय आणि चांगली म्हैस वासराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त चीक देते. फक्त पहिल्या धारेवर हक्क वासराचा. तिच्यात प्रतिपिंडं सर्वांत जास्त असतात, पुढच्या प्रत्येक धारेला ती उतरत जातात. दुसऱ्या दिवशीच्या चिकाचा खरवसही उत्तम होतो. म्हशीच्या नर रेडकाच्या बाबतीत मात्र आपण फार कठोर वागतो. पुढे उपयोग नाही म्हणून त्याला पहिला घोटही पुरेसा मिळत नाही. ते आजारी पडतं, आणि त्याच्या हगवणीतले जंतू शेजारच्या पारडीपर्यंत पोचतात. म्हणजे केवळ हिशेबानं पाहिलं तरी हा तोटाच.

शिदोरी चांगली हवी तर ती बांधणारीही धड हवी. व्यायच्या आधी दोन महिने गाय आटवावी, म्हणजे दूध काढणं थांबवावं. चीक शेवटच्या काही आठवड्यांत तयार होतो. त्या काळात चांगला चारा, खनिज मिश्रण आणि वेळेवर झालेलं लसीकरण या तिन्हींचा उतारा चिकात दिसतो.

३. शिदोरी संपते तेव्हा

आईकडून आलेली प्रतिपिंडं वासरू स्वतः बनवत नसल्यामुळे ती कमी होत जातात. दर तीन आठवड्यांनी ती निम्मी होतात असं धरू. जन्मानंतर रक्तात १६ माप असतील तर तीन आठवड्यांनी ८, सहा आठवड्यांनी ४, नऊ आठवड्यांनी २, बारा आठवड्यांनी १. सोळा-सतरा आठवड्यांनी, म्हणजे चार महिन्यांचं होईपर्यंत, हाती जवळपास काही उरत नाही.

‘मग जन्मल्याबरोबर लस का टोचत नाही?’ हा प्रश्न इथे सुटतो. आईची प्रतिपिंडं रक्तात भरपूर असताना लस दिली, तर ती प्रतिपिंडं लशीतल्या विषाणूलाच पकडून बाजूला करतात. वासराच्या स्वतःच्या शरीराला त्याची ओळख होतच नाही. लस वाया जाते. म्हणून लाळ्या-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यात, महिन्याभरानं दुसरी, आणि पुढे दर सहा महिन्यांनी. घटसर्प आणि फऱ्याची लस सहा महिन्यांच्या वयानंतर, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी.

लाळ्या-खुरकुताची लस पुन्हा पुन्हा का द्यावी लागते, याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे या लशीचा परिणाम साधारण सहा महिने टिकतो. दुसरं म्हणजे या विषाणूचे प्रकार अनेक आहेत. भारतात ओ, ए आणि आशिया-१ हे तीन आढळतात आणि एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवत नाही. म्हणून लशीत तिन्ही घालावे लागतात.

लस टोचून घ्यायला नकार देणारे शेतकरी अडाणी नसतात. लशीनंतर दोन-तीन दिवस अंग तापतं, दूध थोडं कमी होतं, आणि रोज संकलन केंद्रावर मापावर पैसे घेणाऱ्या माणसाला ते दिसतं. तेव्हा हिशेब मांडूनच बोलावं. समजा, गाय दिवसाला दहा लिटर देते आणि लशीमुळे तीन दिवस दोन-दोन लिटर घट आली. सहा लिटर गेले. लिटरला ३५ रुपये धरले तर २१० रुपये. आता समजा तिला लाळ्या-खुरकूत झालं आणि महिनाभर दूध निम्म्यावर आलं. १५० लिटर गेले, म्हणजे ५,२५० रुपये. औषधं, कायमची बिघडलेली कास, उन्हात धापा टाकणारं आणि पुन्हा नीट गाभण न राहणारं जनावर, हे त्यात धरलेलंच नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारनं लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी देशव्यापी लसीकरणाचा कार्यक्रम सुरू केला. लस मोफत आहे. गाईच्या कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला याच नोंदींसाठी वापरतात. लशीची बाटली दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे, एवढं मात्र गावानंही पाहावं. उन्हात तापलेली लस टोचली, तर जनावराला फक्त सुई मिळते. जंत आणि गोचिडांनी पोखरलेल्या जनावराचं शरीरही लशीला नीट प्रतिसाद देत नाही, म्हणून दोन-तीन आठवडे आधी जंतनाशक पाजावं.

४. एक रोग कायमचा गेला

लसीकरणानं शेवटी काय साधतं, असं विचारणाऱ्याला बुळकांडीचं उदाहरण द्यावं. गावच्या वृद्धांना हे नाव आठवतं. ताप, तोंडात फोड, रक्ताची हगवण आणि आठ-दहा दिवसांत मरण. एकेका साथीत गावंच्या गावं बैलांवाचून राहत आणि पेरणी चुके. या रोगाच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुण्यात एक प्रयोगशाळा निघाली. संसर्गाची भीती असलेलं काम वस्तीपासून दूर हवं म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख तिथे येऊन गेले. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली.

पुढे १९६० च्या सुमारास वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात पेशींवर वाढवलेली सुरक्षित लस तयार केली. ती एकदा टोचली की आयुष्यभर पुरत असे. भारतात शेवटचा रुग्ण १९९५ मध्ये आढळला, जगात २००१ मध्ये. २०११ मध्ये बुळकांडी पृथ्वीवरून गेल्याची घोषणा झाली. माणसाच्या देवीनंतर संपवला गेलेला हा दुसराच रोग.

याचा माणसाशी संबंध? माणसाचा गोवर आणि बुळकांडी यांचे विषाणू एकाच पूर्वजाचे आहेत. माणसं गुरांसोबत दाटीनं राहू लागली, तेव्हा गुरांकडचा एक विषाणू माणसात स्थिरावून गोवर झाला, असं शास्त्रज्ञ मानतात. आणि ज्या विद्येनं आपण गोवर अडवतो, तीही गोठ्यातूनच आली. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी गाईंच्या देवीचा द्रव वापरून माणसाला देवीपासून वाचवता येतं हे दाखवलं. १८०२ च्या जून महिन्यात भारतातली पहिली देवीची लस मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली.

५. माल्टाच्या शेळ्या

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर एकोणिसाव्या शतकात इंग्रज सैनिक एका विचित्र तापानं झिजत. ताप चढे, उतरे, आठवड्यानं पुन्हा चढे. रात्री अंथरूण घामानं भिजे. सांधे आणि कंबर ठणके. बरेच सैनिक महिनोन् महिने दवाखान्यात पडून असत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं या तापानं मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जिवाणू वेगळा केला. पण तो येतो कुठून, हे कळायला आणखी अठरा वर्षं गेली.

माल्टात शेळ्यांचे कळप घरोघर फिरत आणि दारातच दूध काढून देत. यापेक्षा ताजं दूध कुठे मिळणार! १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झमिट या स्थानिक डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त तपासलं आणि त्यात तोच संसर्ग सापडला. शेळ्या चरत होत्या, दूध देत होत्या, आजारी मुळीच दिसत नव्हत्या. १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचं दूध देणं बंद केलं, आणि त्यांच्यातला ताप झपाट्यानं ओसरला. बेटावरचे सामान्य लोक मात्र तेच दूध पीत राहिले आणि आजारी पडत राहिले.

गाईंमध्ये शेवटच्या तिमाहीत गर्भपात घडवणारा जिवाणू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये शोधला होता. हा आणि माल्टाचा जिवाणू एकाच घरातले आहेत, हे अमेरिकेच्या अ‍ॅलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये मांडलं. दूध तापवूनच विकावं, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. १९२२ मध्ये प्रयोगशाळेतच त्यांना याच रोगाची लागण झाली आणि पुढे कित्येक वर्षं त्या आजारी होत्या. त्यांचं म्हणणं शेवटी खरं ठरलं.

हाच रोग म्हणजे ब्रुसेलोसिस, आणि तो आपल्याकडच्या गोठ्यांतही आहे. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार अडकते, आणि पुढच्या खेपेला कदाचित नीट व्यातेही. मालकाला वाटतं, संकट टळलं. जिवाणू मात्र कासेत राहतो आणि दुधातून येत राहतो. पडलेला गर्भ, वार आणि स्राव यांत तो प्रचंड संख्येनं असतो. गाय अडली की मदतीला धावणारा माणूस उघड्या हातानं आत हात घालतो, आणि नखाजवळची एक चीर त्याला पुरते. घरातली बाई गोठा झाडते, तिलाही तोच धोका. ती गरोदर असेल तर अधिकच, कारण या रोगानं माणसातही गर्भपात होऊ शकतो.

माणसासाठी आपल्याकडे वापरात असलेली लस नाही. उपचार आहेत, पण दोन प्रकारची प्रतिजैविकं किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. त्याआधी रोग ओळखावा लागतो, आणि तिथेच अडतं. हिवताप, विषमज्वर, क्षय, संधिवात असे सगळे अंदाज होतात. म्हणून ताप लांबला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता स्वतःहून सांगावं: ‘आमच्याकडे जनावरं आहेत, अमुक महिन्यात गाय गाभडली होती.’ या वाक्यानं तपासणीची दिशा बदलू शकते.

गोठ्यात हा रोग अडवायचा मुख्य उपाय म्हणजे चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच टोचायची लस. ही लस जिवंत जिवाणूंची असते, त्यामुळे ती नरांना आणि गाभण जनावरांना देत नाहीत, आणि टोचताना सुई हाताला लागली तर पशुवैद्यकानंही लगेच उपचार घ्यायचे असतात. बाधित जनावर ठार करून कळप स्वच्छ करण्याचा जो मार्ग इतर देशांनी घेतला, तो आपल्याकडे खुला नाही. त्यामुळे कालवडीची ही एक लस चुकवणं आपल्याला परवडत नाही. गाय व्याताना लांब हातमोजे वापरावेत. पडलेला गर्भ आणि वार कुत्र्यांना मिळणार नाही अशी चुन्यासह खोल पुरावी. नवं जनावर बाजारातून आणलं की रक्त तपासून, दोन-तीन आठवडे वेगळं बांधून मगच कळपात घ्यावं.

आणि दूध उकळावं. धारोष्ण दुधाचं आपल्याकडे मोठं कौतुक आहे. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हैस पिळून समोर फेसाळता पेला देतात, तालमीतल्या पोरांचा तो खुराक मानला जातो. त्या परंपरेमागचं प्रेम मला कळतं. तरीही कच्चं दूध पिऊ नये, असंच मी म्हणेन. उकळल्यानं ब्रुसेलोसिसचा जिवाणूही मरतो आणि क्षयाचाही. कच्च्या दुधाचं दही लावलं तर आंबटपणानं ते खात्रीनं मरतील, असं धरू नये.

६. उकळूनही न जाणारी गोष्ट

आता लम्पीची ती राहिलेली अट. अंगावरच्या गाठी फुटून जखमा चिघळतात, तेव्हा गाईला प्रतिजैविकं द्यावी लागतात. कास सुजली, सडातून पाणी किंवा गाठी येऊ लागल्या, म्हणजे स्तनदाह झाला, तर औषध थेट सडातच सोडतात. हे औषध पुढचे काही दिवस दुधात उतरतं, आणि त्यातली बरीच औषधं उकळून जात नाहीत. दूध किती दिवस वगळायचं, ते प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं. कधी तीन दिवस, कधी अधिक. घरी एक खूण दिसू शकते: अशा दुधाचं दही नीट लागत नाही, कारण विरजणातले उपकारक जिवाणू त्या औषधानं मरतात.

अशा दुधातून रोज थोडं थोडं औषध पोटात गेलं की शरीरातले कमजोर जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागे राहून वाढतात. माणसाच्या दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी घातलं जात होतं. २०१९ मध्ये भारत सरकारनं अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला. ज्या कळपाला लस मिळाली, ज्या वासराला चीक मिळाला, ज्या गोठ्यात कोरडी जागा आणि धार काढण्याआधी धुतलेले हात आहेत, तिथे ही औषधं मुळातच कमी लागतात.

औषध चालू असलेलं दूध डेअरीला घालायचं नाही, हे आता बऱ्याच जणांना पटलं आहे. पण मग ते ओतून देणं जिवावर येतं आणि वासराला पाजलं जातं. तसं करू नये. वासराच्या कोवळ्या आतड्यात त्याच औषधाला सरावलेले जिवाणू वाढतात, शेणातून उकिरड्यावर, शेतात आणि आपल्या हातांवर येतात. ते दूध विहिरीपासून लांब खड्ड्यात ओतावं, आणि वासराला तेवढे दिवस दुसऱ्या गाईचं दूध द्यावं.